दौलतचं इंजीन

दौलत कांबळे गेल्याची बातमी मला अठरा दिवसांनी कळली, आणि तीही बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बेअरिंगच्या दुकानात. घरच्या पाण्याच्या मोटारीचं काम निघालं होतं म्हणून गेलो होतो. दुकानदार बसाप्पा पुडी बांधता बांधता म्हणाले, "तुमचे कांबळे सर गेले की हो. छातीत दुखायलंय म्हणून दवाखान्यात नेईपर्यंत... तुम्हाला कळवलं न्हाय कोणी?" मी नाही म्हणालो. निपाणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. बसाप्पांना कळलं, आयटीआयमधल्या सगळ्यांना कळलं, मला कळवावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आणि यावं तरी का? आमचं येणंजाणं सुटून सात-आठ वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं तरी असतं.

मी शहापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सत्तरच्या दशकात संध्याकाळी आयटीआयमध्ये ड्रॉइंगचे तास घ्यायला जायचो, तिथं दौलत मशीन शॉपचा इन्स्ट्रक्टर होता. मला लहानपणापासून जुन्या ट्रकांचं वेड. महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या, लांब नाकाच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या त्या धिप्पाड गाड्या आमच्या भागात पुढं कितीतरी वर्षं लाकूड आणि तंबाखू वाहत होत्या. रिकाम्या वेळात मी त्या वहीत काढत बसायचो. एकदा मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. "सर, चित्र झ्याक आलंय," दौलत म्हणाला, "पर बोनेट एवढं लांब नसतंय. आन् ह्यो दिवा मडगार्डवर न्हाय, जरा आत."

"तुला काय माहीत?" मी विचारलं. पहिल्याच भेटीत मी त्याला अरे-तुरे केलं, आणि तो मला शेवटपर्यंत सर म्हणत राहिला. यात काही आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

"आमच्या आबांनी जल्मभर असल्याच गाड्या भरल्यात," तो म्हणाला.

त्याचे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होते. गाडी भरायची, मग त्याच मालावर चढून, दोराला धरून बसायचं, आणि कोल्हापूर नाहीतर सांगलीला उतरवायची. ऊन असो, पाऊस असो, केबिनमध्ये बसायला हमालाला मुभा नव्हती. हे त्यानं मला सांगितलं ते एवढंच, एका वाक्यात. मी ऐकलं आणि बोनेटच्या लांबीकडं वळलो.

अशी एक गाडी कणकुंबीच्या पुढं, बंद पडलेल्या लाकडाच्या डेपोत सडत पडली आहे, हे आम्हाला कळलं आणि आमचे पुढचे सगळे रविवार ठरून गेले. भंगाराच्या भावात, दोघांनी मिळून ती घेतली. केबिनमधून उंबराचं रोप बाहेर आलं होतं आणि टपावर शेवाळ होतं. दुसऱ्या ट्रकला बांधून ती बेळगावात आणली तेव्हा माझ्या घरामागच्या परड्यात जागा होती, म्हणून तिथं लावली. सहा वर्षं आम्ही तिच्यावर काम केलं. केबिनची लाकडं आणि रंग माझ्याकडं, इंजीन त्याच्याकडं. मी पत्रा खरवडला की लाल रंगाखाली निळा निघायचा, निळ्याखाली लष्करी हिरवा, आणि त्यातला खरा कुठला यावर आमचा अख्खा रविवार जायचा. तो गॅस्केट स्वतः कापायचा, स्प्रिंगा जुन्या बाजारातून शोधून आणायचा. पण इंजिनाच्या ब्लॉकला तडा होता. बिडाचं, ओतीव लोखंडाचं काम ते, सांधा धरायचा नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत तो दोनदा घेऊन गेला, दोनदा पाणी गळलं. मी म्हणायचो, "अरे, डिझेलचं इंजीन टाकू. सगळे तेच करतात. महिन्यात गाडी पळेल." तो मान खाली घालून म्हणायचा, "व्हईल सर. जरा दमानं घेऊ." का, ते त्यानं सांगितलं नाही. मला तो हट्ट वाटला... कारागिराचा असतो तसा.

मग त्याला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगळूरला पाठवलं, आणि त्याच सुमारास आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. मिरवणुकीत ती गाडी असावी असं हेडमास्तरांना वाटलं. माझ्याही मनात आधीपासून तेच होतं. एका गॅरेजवाल्यानं अपघातातल्या ट्रकचं डिझेल इंजीन आणून बसवून दिलं. जुनं मी चिंचेखाली ताडपत्री घालून ठेवलं. दौलतला मी पत्र टाकलं नाही. आल्यावर त्याला एकदम चालती गाडीच दाखवू, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण हे, की तो नको म्हणेल हे मला माहीत होतं. आणि गाडी माझ्या परड्यात होती... वर्षानुवर्षं नजरेसमोर असलेली वस्तू आपलीच वाटायला लागते.

मिरवणूक छान झाली. पुढच्या रविवारी दौलत आला, आणि बरोबर आबांना घेऊन आला. तसं बंगळूरला जाण्याआधीच त्यानं त्यांना कबूल केलं होतं म्हणे. गाडी पळाली, हे त्यानं आयटीआयमध्ये ऐकलं असणार. इंजिनाचं मात्र ऐकलं नव्हतं. आबा उंच, वाकलेले, स्वच्छ धोतर नेसलेले. दोन्ही डोळे गेलेले. दौलतनं हाताला धरून, पाय फूटबोर्डावर ठेवून देऊन त्यांना केबिनमध्ये चढवलं. आबांनी दाराचं लाकूड चाचपलं, समोरच्या पत्र्यावर हात फिरवला, आणि ते सीटवर नीट मागं सरकून बसले. मी मोठ्या हौसेनं गाडी चालू केली.

आबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग दौलत होता त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गाडी चांगली हाय. पर ती न्हवं ही."

दौलतनं माझ्याकडं बघितलं नाही. "व्हय आबा," तो म्हणाला. "ही दुसरी."

तेव्हा मला कळलं की ज्याला दिसत नाही त्याला गाडी आवाजावरूनच ओळखता येणार होती. सहा वर्षं माझ्याशेजारी बसून नट घासणाऱ्या माणसानं हे मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. चहा झाला. बायकोनं पोहे केले होते, ते त्यांनी खाल्ले, आबांनी तिला आशीर्वाद दिला, आणि दोघं निपाणीच्या गाडीला गेले. आठवड्यानं दौलत टेम्पो घेऊन आला. "ते जुनं इंजीन न्हेऊ का सर?" मी म्हणालो, "ने की. भंगारच आहे ते." शरमेनं माणूस कधीकधी असंच बोलतो. पण त्याला माझी शरम कशी दिसणार? त्यानं ऐकलं ते शब्द.

पुढं त्यानं निपाणीत घर बांधलं, बदलीही तिकडंच घेतली. मी रविवारी परड्यात जाऊन बसायचो. हातात पान्हा घेऊन कुणाशी बोलायचं ते कळायचं नाही. शेवटचा तो दिसला कडोलीच्या साहित्य संमेलनात. मांडवाच्या कडेला उभा, केस पिकलेले. "बरं हाय न्हवं सर?" "बरं आहे." "आबा गेले दोन वर्सामागं." जाताना म्हणाला, "निपाणीला या की एकदा." मी म्हणालो, "येतो की." निपाणी बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे. मी गेलो नाही.

बसाप्पांनी सांगितल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी गेलो. दौलतच्या पत्नीनं, शांतावहिनींनी, पाणी दिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. सागवानी चौकटीवर ते इंजीन होतं. धुऊनपुसून ठेवलेलं, रेडिएटर जोडलेला, शेजारी बॅटरी. ब्लॉकवरचा सांधा बोटानं चाचपला तर लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. "तीन वर्सं लागली," वहिनी म्हणाल्या. "आबा हुते तवा. त्यांना हितं बाजेवर बसवून चालू केलं. आवाज आला तसं म्हातारं उठलं, आन् वाकून पाठ पुढं केली... पोतं घ्यायला. हेनी इंजीन बंदच करून टाकलं. खांद्याला धरून म्हनले, आबा, बसा. आता वझं न्हाय उचलायचं. मग परत चालू केलं. आबा निस्तं बसून ऐकत हुते. लई वेळ."

मी म्हणालो, "मला कळवलं नाही त्यानं."

"कळवायचं म्हनत हुते. मग म्हनायचे, सर कामात आसतील. कडोलीत बोलावलं म्हनले तुमाला. त्यानंतर दोन-तीन रविवार वाट बघितली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी बटण दाबलं. इंजीन आधी खोकलं, मग सहाही सिलिंडरांनी एकच लय धरली, जाड आणि मऊ. सहा वर्षं ज्याचा एकेक भाग मी हातात घेतला होता त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. डिझेलच्या खडखडाटाशी त्याचं काही नातं नव्हतं. कुणीही ओळखला असता.

"दर रविवारी धाला चालू करायचे," वहिनी म्हणाल्या. "न्हाय केलं तर जाम व्हतंय. आता मीच करते. यायचं आसलं तर या."

मी परत आलो आणि परड्यातल्या गाडीकडं गेलो नाही. त्यानंतरचे तीन रविवार मी सकाळची पहिली बस धरून निपाणीला जातो आहे. दहाला खोलीचं दार उघडतं. बटण मी दाबत नाही. ते वहिनीच दाबतात, मी उंबऱ्याशी उभा राहून ऐकतो, आणि बंद झालं की आम्ही चहा घेतो.