मास्तरांच्या रेडिओला लागलेलं सील

बातमीदाराच्या दोन वह्या असतात. एकीतलं छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात त्यात सुके बांगडे बांधले जातात. दुसरीतलं छापायचं राहून जातं, आणि चार मित्र जमले की तेच बाहेर पडतं. माझ्या दुसऱ्या वहीत आमच्या मालवणच्या हौशी रेडिओ क्लबाचीच पानं जास्त आहेत.

परवा मुंबईच्या एका विद्वानाने लिहिलं, की साठ सालाच्या आसपास दूरदूरच्या लोकांशी रेडिओवरून बोलायचा हा छंद म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा! वाचून डोकं फिरलं. साहेब कसले? आम्ही तिघे होतो. शाळेत विज्ञान शिकवणारे गावडे मास्तर, बोटीवर तारायंत्र चालवून घरी बसलेला बाबल आणि मी. परीक्षा देऊन परवाने तिघांनी मिळवले होते. बोलायचं यंत्र मात्र एकच. लष्कराच्या भंगारातले भाग जमवून मास्तरांनी ते चार वर्षांत स्वतःच्या हाताने बांधलं होतं. माडीवर ठेवलेलं, मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं. त्यांच्या लेखी ते देव्हाऱ्याच्या खालोखाल होतं.

*

एरियल म्हणजे दोन माडांना बांधलेली तांब्याची तार. तिचं एक टोक खळ्यावरून, म्हणजे अंगणावरून, माडीत यायचं. एकदा सकाळपासून आमचा आवाज कोणाला पोचेना. मास्तरांनी यंत्र उघडलं, जोडण्या तपासल्या. काही सापडेना.

शेवटी बाबल खाली गेला. खळ्यातली तार वाकून जमिनीला लागायच्या बेतात होती, आणि तिच्यावर मास्तरांच्या काकीने ओळीने बोंबील टाकले होते!

मास्तर खिडकीतून ओरडले, "काकी, ती एरियल आसा!"

"आसा तर आसा," काकी म्हणाली. "इतक्या उन्हात रिकामी कित्याक ठेवतास?"

*

माडीवरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असे. स्पर्धेची नोंदवही त्याच वेळेने लिहावी लागते. नवशिक्याने पहिली चूक तिथेच करू नये, म्हणून मास्तरांनी ते घड्याळ बदलायला सक्त मनाई केली होती.

धामापूरचे त्यांचे मेहुणे पाहुणे आले. घड्याळात बघून दुपारची झोप काढली आणि निवांत स्टँडवर गेले. गाडी केव्हाच सुटलेली. तणतणत परत आले.

मास्तर म्हणाले, "भावोजी, ती विलायतेची वेळ."

"मगे विलायतेची एस.टी. खंयसून सुटता, ताही सांगून ठेवा!"

*

रेडिओची स्पर्धा साधी असते. ठरलेल्या चोवीस तासांत जास्तीत जास्त केंद्रं गाठायची. एकमेकांना आवाज कसा येतो त्याचा आकडा द्यायचा, आपला अनुक्रमांक द्यायचा, आणि पुढे जायचं. बस्स! गप्पा मारल्या की हरलात.

आता हे मालवणच्या माणसाला कसं जमावं?

बाबलला कराचीचा एक माणूस सापडला. आडनाव ऐकून बाबलने पहिला प्रश्न केला, "तू कोणाचो रे?" निघाला वेंगुर्ल्याचा! मग त्याच्या आजोळापासून चौकशी सुरू झाली. ती संपेपर्यंत सिलोनचा एक केंद्रवाला आम्हाला हाका मारून मारून निघून गेला. बाबलच्या शेवटच्या शब्दांपर्यंत मास्तरांनी दात आवळून धरले होते. ते शब्द होते, "जेवलंस?"

मास्तर उसळले, "बाबल, स्पर्धा आसा ही, सोयरीक नाय!"

"तसा न विचारता उठूचा कसा?" बाबल म्हणाला. "माणूस आसा ना तो?"

*

माझी तऱ्हा वेगळी. मला माइक दिला की मी अग्रलेख सुरू करायचो. आपलं केंद्र, आपलं गाव, सरकारी अनास्था! मी बोलायचं बटण सोडेपर्यंत पलीकडे कोणी उरायचं नाही.

मास्तर एकच नियम शिकवायचे. आधी कान लावायचा, समोरचा थांबला की मोजकं बोलायचं. मला म्हणायचे, "बातमीदारा, तू ऐकतंस कधी?"

मी हसायचो. कोकणातल्या एका तरी माणसाने गप्प बसू नये, अशी माझी त्या वयातली धारणा होती.

*

पुढचा किस्सा सांगताना हसू येत नाही.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. एका स्पर्धेत पणजीचा एक डॉक्टर मास्तरांना सापडला. नियमाप्रमाणे आकडे दिले, आकडे घेतले, संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी मात्र त्याची बातमी केली. मथळा दिला, "मालवणच्या मास्तरांची पणजीशी बातचीत!" आणि ऐट म्हणून नोंदवहीतले आकडे जसेच्या तसे छापले. मास्तरांना विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी फौजदार माडीवर. हातात माझं कात्रण.

"हे आकडे कसले?"

"आवाजाचे आणि अनुक्रमांकाचे," मास्तर म्हणाले.

"सांकेतिक भाषा कशाला म्हणतात मग?"

माइक आणि बटण आत कोंडून यंत्राला लाखेचं सील लागलं.

मास्तरांनी तक्रार केली नाही. दोनदा कचेरीत जाऊन फौजदारांना नियमपुस्तक दाखवलं, चार वर्षांच्या वह्या दाखवल्या. मला म्हणाले, "माणूस समजूतदार आसा. सोमवारी सील काढतलो. तवसर तू गप रव."

मी गप्प बसलो नाही. रविवारच्या अंकात दोन कॉलम लिहिले. फौजदारांच्या अकलेचे जाहीर वाभाडे काढले. भाषा झकास उतरली होती, लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते.

सोमवारी फौजदारांनी सगळे कागद वर पाठवले. आता निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

पुढे गोवा मोकळा झाला, त्यानंतरही कित्येक महिन्यांनी सील निघालं. तोवर खाऱ्या हवेने आतल्या तारा हिरव्या पडून हातात तुटत होत्या. बाबलने झाकण परत लावलं आणि पहिल्यांदाच कोणाची चौकशी न करता घरी गेला.

त्या फौजदाराला मी आजही माफ केलेलं नाही. पण त्या रविवारचा अंक मी घरात ठेवत नाही.

*

शेवटचा किस्सा सील असतानाचा.

सील बोलणाऱ्या यंत्राला होतं. ऐकणारं यंत्र वेगळं, ते फौजदारांनी मोकळं ठेवलं होतं. स्पर्धेचा दिवस आला. मी माडीवर गेलो, तर मास्तर नेहमीच्या वेळी नेहमीच्या खुर्चीत. कानाला हेडफोन, समोर वही, ग्रिनिचचं घड्याळ. केंद्र ऐकायचे, नाव लिहायचे, आकडा लिहायचे. दिवसभर.

संध्याकाळी सिलोनवाला आला, तसा मास्तरांनी हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला. दरवर्षी तो मास्तरांना शोधायचा. त्याने मास्तरांच्या केंद्राचं नाव घेतलं. थांबला. पुन्हा घेतलं. मास्तरांचा उजवा हात टेबलावर बटणाच्या जागी गेला. तिथे नुसतं लाकूड होतं.

मी म्हणालो, "मास्तर, मी..."

"गप रव," ते म्हणाले. "ऐकूक दी."

तिसऱ्यांदा हाक आली. मास्तरांनी वहीत वेळ लिहिली.

स्पर्धेत नुसतं ऐकणाऱ्यांचाही एक गट असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी वही नीट उतरवून पाठवून दिली. काही महिन्यांनी परदेशी तिकिटं लावलेला मोठा लिफाफा आला. त्या गटात मास्तर पहिले!

त्यांनी मला बोलावून घेतलं. काकीने चहा ठेवला. मास्तरांनी प्रशस्तिपत्र उलगडलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि त्याची घडी तळहाताने सपाट केली.

"घे," ते म्हणाले. "ह्यां तुझ्यामुळे गावलां."