सिन्नरवालीचा व्हिडिओ आणि माझा

तिच्या व्हिडिओत ती दिसतच नाही. दिसतो तो फक्त हात. मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या, बोटांत निळं स्केचपेन आणि खाली कोरा कागद. चेहरा नाही, फळा नाही, सुरुवातीला संगीत नाही. आणि त्या एका हातावर आमच्या शाळेची पोरं फिदा. मधल्या सुट्टीत एकमेकांना तिच्यासारखं बोलून दाखवतात, "ही भुजा लय आळशी हाय, जागची हलायची नाय!" आणि खिदळतात. गंमत म्हणजे ती भुजा कुठली आणि का हलत नाही, हेही त्यांना बरोबर सांगता येतं. मला नेमक्या तिथेच मिरच्या झोंबायच्या.

हेवाच तो. त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. मी नाशिकरोडच्या या शाळेत कित्येक वर्षं दहावीला भूमिती शिकवते. फळ्यावर नुसत्या हाताने काढलेलं माझं वर्तुळ बघायला शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिलेले आहेत. ती नववीला शिकवते, रोज सिन्नरहून एसटीने येते आणि वर्गात घरच्यासारखं बोलते. तोंडावर मी तिला 'मॅडम' म्हणते. घरी आणि मनात मात्र ती 'सिन्नरवाली'.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. दहावीच्या उजळणीचे व्हिडिओ यंदा शाळेच्या चॅनेलवर टाकायचे होते. सर म्हणाले, "दोघी एकच प्रमेय करून द्या. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या, पोरं तिथेच अडतात. ज्यांचं जास्त समजेल त्यांनी सगळे व्हिडिओ करायचे. आणि पुढच्या वर्षी दहावी त्यांच्याकडेच राहील, म्हणजे शिकवण्यात मेळ राहतो."

दहावी त्यांच्याकडेच! माझी दहावी. मी "हो सर" म्हणाले. ती म्हणाली, "मी लगेच करून टाकते, सर," आणि दोन दिवसांत टाकलासुद्धा. चॅनेलचं सगळं कामही तिच्याकडेच होतं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

तिचं साहित्य काय, तर पुस्तकांच्या दोन चळती, त्यांच्यावर फोटोफ्रेमची काढलेली काच आणि काचेवर पालथा ठेवलेला मोबाइल. खाली कागद. झाला स्टुडिओ! हे तिनेच मला शिक्षककक्षात हौसेनं सांगितलं होतं. मी मनात ठरवलं की आपण असलं काही करायचं नाही. आपला व्हिडिओ व्यवस्थित असेल. पडद्यावर सुबक आकृत्या, शुद्ध भाषा आणि मुद्देसूद मांडणी.

मग सुरू झाला माझा वनवास. पडदा रेकॉर्ड करणारं पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं, पण त्याने माझ्या त्रिकोणाच्या बरोबर मधोमध स्वतःचं नाव छापलं. दुसऱ्यात चित्र काचेसारखं स्वच्छ आलं आणि आवाज मुळी आलाच नाही. अख्खं प्रमेय मी मुकाट्याने सिद्ध केलं होतं. तिसरं जरा बरं निघालं, पण माउसची प्रत्येक टिचकी त्यात अशी वाजे की कुणी सुपारी कातरतंय. मग मी पडद्यावर लिहिण्यासाठी पेन टॅब्लेट मागवला. फळ्यावर वळणदार लिहिणारी मी, त्याच्यावर माझं अक्षर बालवाडीतलं दिसायला लागलं. हात टेबलावर, अक्षर पडद्यावर, आणि बघायचं कुठे तेच कळेना.

प्रेझेंटेशनमध्ये मी त्रिकोणाला फिरत फिरत आत यायला लावलं होतं. नवऱ्याने मागून पाहिलं. "याला भोवळ आली आहे का?"

"ॲनिमेशन आहे ते."

"फळ्यावर लिही ना तू. मी मोबाइल धरतो."

त्यांनी धरला. फळा भूकंपात सापडल्यासारखा दिसला. शिवाय मध्येच देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव सुरू झाला आणि 'समांतर' या शब्दावर धडाम्. मी पुन्हा लॅपटॉपकडे वळले आणि त्रिकोणाचं फिरणं तेवढं काढून टाकलं.

मधल्या काळात तिचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल ते विचारू नका. चुका शोधायला बसायचे. प्रमेयात एक जागा अशी आहे की पोरांची गाडी तिथे रुतते. दोन त्रिकोण, दोघांचा पाया एकच, आणि दोघांची टोकं पायाला समांतर अशा एकाच रेषेवर. म्हणून क्षेत्रफळ सारखं. आकृतीत ते त्रिकोण एकमेकांवर चढलेले असतात आणि दिसायला अजिबात सारखे नसतात. तिथे तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, "ही दोन वावरं समजा. दोघांचा बांध एकच. समोर सडक, बांधाला समांतर. आता वावराचं टोक सडकेवर इकडं सरकवा नायतर तिकडं सरकवा, वावर तेवढंच राहातंय. मोजून बघा!" बांगड्या किणकिणतात. चूक सापडत नाही.

न राहवून मी तो व्हिडिओ मालेगावला धाकट्या बहिणीला पाठवला. ती तिथे नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान बघते. भूमितीचं आणि तिचं हाडवैर. ती दहावीला असताना हेच प्रमेय मी तिला महिनाभर शिकवलं होतं. शेवटी दोघी रडलो होतो. तिला लिहिलं, "बघ आणि सांग, काय एवढं आहे यात." म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण!

रविवारी दुपारी अखेर माझं रेकॉर्डिंग पार पडलं. पंखा बंद, कुकर बंद, नवऱ्याला बाहेर धाडलेलं. मान खाली घालून, नजर पेनावर ठेवून मी एका दमात प्रमेय संपवलं. आवाज आला होता, चित्र आलं होतं, कुणाचं नाव छापलं नव्हतं. सुरुवात आणि शेवट तपासला आणि आनंदाच्या भरात फाइल सिन्नरवालीला पाठवून दिली, चॅनेलवर टाकायला.

चहा ठेवून फोन हातात घेतला, तर बहिणीचे दोन मेसेज आलेले. वेळ पाहिली, तर रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हाची. लॅपटॉपवर माझं व्हॉट्सॲप उघडंच होतं. फाइल सुरू करून पुढे पुढे नेली. बरोबर त्या दोन त्रिकोणांपाशी, मी "पाया एकच" म्हणत असताना, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट वर आली, "पाहिला. ही शिकवतेय की बांगड्या वाजवतेय? तुझी सिन्नरवाली अगदी तू म्हणतेस तश्शीच." ती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, "पण ताई, खरं सांगू? वावराचं ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते प्रमेय कळलं गं."

यातलं काय जास्त लागलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी सिन्नरवालीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा शाळेच्या गटावर निरोप, "दोन्ही व्हिडिओ आले. पाहतो." म्हणजे चढलाही! घाईघाईने चॅनेल उघडलं. माझा व्हिडिओ, माझा आवाज. ती जागा जवळ आली. "आता इथे पाया एकच," असं मी म्हटलं, आणि माझी आकृती हळूहळू पुढे यायला लागली. कडा बाहेर गेल्या, कोपरे बाहेर गेले, पडदाभर फक्त ते दोन त्रिकोण, त्यांचा पाया आणि समोरची समांतर रेषा. चौकट कुठेच नाही. माझं वाक्य संपलं तशी आकृती अलगद मागे सरकून जागेवर बसली.

तिने सगळं वाचलं होतं आणि सगळं झाकलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण ते जेमतेम चहा उतू जाईपर्यंत टिकलं. मग मी तो भाग परत पाहिला, आणि परत. पोरांची गाडी रुतते त्याच जागेवर आकृती पुढे आणायची! माझ्या डोक्यात हे का आलं नाही? महिनाभर मी सॉफ्टवेअरं धुंडाळत होते आणि हिने माझी लाज झाकता झाकता माझंच प्रमेय माझ्यापेक्षा चांगलं समजावून दिलं होतं. जळफळाट झाला नुसता.

सोमवारी सरांनी दोघींना बोलावलं. तिचा व्हिडिओ गोड आहे, म्हणाले, पण दहावीला बोर्डाची भाषा लागते. मग माझ्याकडे वळले. "आणि मॅडम, तुमचे ते दोन त्रिकोण पुढे येतात ना, कमाल आहे. इतकी वर्षं मीही शिकवलं, पण असं डोळ्यांत भरलं नव्हतं. कसं केलंत?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"जमलं, सर," मी म्हणाले.

दहावी माझ्याकडे राहिली. जिन्यात मी तिला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफी मागायची की आभार मानायचे, तेही नाही. तिला एसटी गाठायची होती. पर्स खांद्यावर टाकत तीच म्हणाली, "मॅडम, तुमच्या बहिणीचा तो दुसरा मेसेज वाचून लय बरं वाटलं मला. मालेगावच्या ना त्या? त्यांना म्हणावं, काय अडलं तर मला फोन करा."

तिचा नंबर बहिणीला द्यायला मी चार दिवस लावले. तोवर बहिणीने स्वतःच मागितला होता.