गेटवहीचं पान

बोईसर स्टेशनबाहेर ज्ञानेश मोहितेचं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. वडील कराडकडून इथल्या कापड कारखान्यात कामाला आले, तेव्हापासून घर इथलंच. दुकान सांभाळून तो पालघरच्या एका साप्ताहिकाला बातम्या देतो. खड्डे, पाणी, सत्कार, असल्याच जास्त.

तीन वर्षांपूर्वी मार्चात औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात रिॲक्टर फुटला आणि चार कामगार गेले. लगेच सरकारी तपासणीचा अहवाल बाहेर आला. स्फोटाआधी, बारा तारखेला अधिकाऱ्याने स्वतः येऊन सगळे व्हॉल्व्ह तपासले होते म्हणे, दोष कुठेच नव्हता. म्हणजे चूक मेलेल्यांची. ज्ञानेशला ते पटेना. मेलेल्यांपैकी रूपेश आठवडाभर आधीच त्याच्या दुकानात येऊन, व्हॉल्व्ह गळतोय अशी तक्रार टाइप करून घेऊन गेला होता.

तो गोमाकडे गेला. गोमा त्या कारखान्याचा वॉचमन. घर डोंगराकडच्या पाड्यावर. पावसाळ्यात नागली-भात, बाकीचं वर्ष गेटवर. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद तो वहीत करायचा.

"गोमादादा, बारा तारखेला साहेबाची गाडी आली होती?"

"नाय. पान्याचा टँकर आला नि भंगारवाला. तिसरा कोन नाय." गोमाने वही उघडून पुढे केली. "काढ फोटू. चार मानसं मेलीत. पन माजं नाव नको येयाला."

"नाही येणार," ज्ञानेश म्हणाला.

संपादक सुजीत म्हणाला, पान छापल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? ज्ञानेशने खालची गोमाची सही कापली आणि फोटो दिला. बातमी गाजली. अधिकारी निलंबित झाला. चार दिवस लोक दुकानात येऊन हात मिळवत होते, आणि खरं सांगायचं तर त्या चार दिवसांइतका तो कधीच खूश नव्हता.

गोमा मोठेपणी प्रौढवर्गात अक्षरं शिकलेला. शब्दांवर रेघ द्यायचाच नाही. गेटवर तसं लिहिणारा तो एकटाच होता, आणि सही कापताना हे ज्ञानेशच्या मनातही आलं नाही.

पाचव्या दिवशी वही चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी गोमाला उचललं. दोन दिवस ठेवलं, कुठे नोंद नाही. सुटून आला तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. त्या कानाचा पडदा फाटला होता, उजव्यानेही जेमतेमच ऐकू येत होतं. नोकरी तर गेलीच.

ज्ञानेशने माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं: अशा इसमाला ठाण्यात आणलेलंच नाही, आणि ते दोन दिवस कॅमेरा बंद होता.

महिन्याभराने गोमाची बायको जिवली दुकानात आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढला. त्यावर तारीख होती, वेळ होती, आणि गोमाला घेऊन आलेल्या शिपायाचा बक्कल नंबर. ठाणं म्हणत होतं आणलंच नाही, आणि ठाण्याचाच शिपाई त्याला दवाखान्यात नेत होता.

"वहिनी, हे छापलं तर परत त्रास होईल."

"ह्या येळी नाव टाक," जिवली म्हणाली. "नाव लपवून त्यो वाचला का?"

ज्ञानेशने कागद मशीनवर ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती कागदाची झेरॉक्स निघेपर्यंत नुसती उभी राहिली.

बातमी आली, चौकशी बसली. दोन पोलीस निलंबित झाले आणि आठ महिन्यांनी दुसऱ्या ठाण्यात रुजू झाले. तपासणीवाला अधिकारीही दुसऱ्या जिल्ह्यात कामावर आहे. रूपेशची तक्रार फायलीत लागली आणि 'कामगारांची चूक' हा शेरा तेवढा खोडला गेला. पोलिसांविरुद्धच्या गोमाच्या केसला अजून तारखा पडतात.

या एप्रिलमध्ये ज्ञानेश पाड्यावर गेला. इतके दिवस तो कोर्टाच्या कागदांबद्दलच बोलायचा. त्या दिवशी मात्र त्याने ठरवलं होतं. गोमा अंगणात दोरी वळत बसला होता. ज्ञानेश त्याच्यासमोर उभा राहिला.

"दादा, माझ्यामुळे झालं हे. ते पान मी द्यायला नको होतं. तुम्हाला शब्द दिला होता."

गोमाने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग बायकोकडे वळला. "काय म्हंतो त्यो?"

जिवलीने ज्ञानेशकडे एकदा पाहिलं. मग वाकून नवऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"काय नाय. ऊन फार हाय म्हंतो."

"मंग हुबा कशाला?" गोमा म्हणाला आणि सरकून त्याने स्वतःच्या शेजारी सावलीत जागा केली.

ज्ञानेश बसला. गोमाने दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, धरायला.