घोट्याला बांधलेला लाल दोरा

माझ्या थोरल्या जाऊबाई इस्पितळाच्या लाँड्रीत तेवीस वर्षं मुकादम होत्या. तिथे चादरींना डाग पाहून दोरे बांधत. साध्या डागाला पांढरा, चिवट डागाला पिवळा, लाल म्हणजे वेगळी काढा. फरशी कायम ओली, त्यामुळे पाय मुरगळणं रोजचंच. जाऊबाईंनी तेच दोरे माणसांच्या घोट्यांना लावले. सांध्याचे बंध नुसते ताणलेत, सूज बेताची, चालता येतंय, तर पांढरा. अर्धवट फाटलेत, काळंनिळं पडलंय, माणूस लंगडतोय, तर पिवळा. चार पावलं टाकवत नाहीत, घोट्याच्या हाडामागे दाबलं की कळ येते किंवा सांधा सैल लागतो, तर लाल, आणि तडक एक्स-रेला.

लाँड्रीच्या साहेबांना लाल दोऱ्याचा तिटकारा. लाल बांधला की वर कळवावं लागे. माणूस भलता स्वच्छ. मळक्या चादरींची ढकलगाडी दिसली की अत्तराचा रुमाल नाकाला.

सहा तारखेला सकाळी इस्त्रीवाली साबणाच्या पाण्यावरून घसरली. उठून दोन पावलं टाकली आणि मटकन बसली. जाऊबाईंनी टाच धरून हलवली, तर ढिल्या बिजागरीसारखी हलली. त्यांनी लाल दोरा बांधला.

"ओरडतेय कुठे? किरकोळ आहे," म्हणत साहेबांनी तो कात्रीने कापला. कात्रीचं टोक तिच्या कातडीला लागलं, तिकडे पाहिलंही नाही. शिसारी आली मला ऐकताना.

"बंध पार तुटला की कधीकधी दुखतं कमी, साहेब," जाऊबाई म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाई, चादरी मोजा."

"ताई, पांढराच बांधा," इस्त्रीवाली कुजबुजली. "कामावरून काढतील."

"गप गं. दोन पोरं त्याच पायावर उभी आहेत ना तुझी?"

जाऊबाईंनी तिला ढकलगाडीत धुतलेल्या चादरींवर निजवलं, वरून दोन मळक्या टाकल्या. दारात साहेब.

"आत काय?"

"जुलाबाच्या वॉर्डातल्या आहेत. उघडून दाखवू?"

रुमाल नाकाला लावून साहेब भिंतीला चिकटले. गाडी आवार ओलांडून थेट अपघात विभागात गेली. बंध पूर्ण तुटला होता, हाडाचा टवकाही उडाला होता. सहा आठवडे प्लास्टर, पाय वाचला. डॉक्टरांचा कागद वर गेल्यामुळे इस्त्रीवालीला कुणी हात लावू शकलं नाही. जाऊबाईंना दुसऱ्या दिवशी काढलं.

त्या संध्याकाळी दोनदा अंघोळ करूनही त्या नाक चोळत बसल्या होत्या.

"चादरींचा वास कधीच गेला गं," म्हणाल्या. "त्याचं अत्तर जात नाही."