चुनामामांची काच

चुनामामा भिंतीला हात लावल्याशिवाय कोणाशी बोलत नसत. नगरच्या आमच्या कॉलेजात ते गवंडी होते. प्राचार्यांनी बोलावलं तरी आधी दाराशेजारच्या काळ्या दगडावर तळवा टेकायचे आणि मग "जी साहेब" म्हणायचे. पोरं विचारायची, "मामा, आज बिल्डिंगला ताप किती?"

"तुझ्यापरीस कमी. तू तर परीक्षेआदीच हललायस."

पोरांना ते गावाच्या नावानं हाक मारत. मी 'शेवगाव'. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. इंग्रजी अमलातल्या त्या इमारतीच्या उंच, टोकदार कमानींखाली शिरताना पहिले काही महिने मी चपला काढायचो. मामा ते पाहून हसले. "देऊळ न्हाई ते. मानसांनी रचलंय, अन् घाईत रचलंय."

ही घाई त्यांना आजोबांकडून कळली होती. आजोबा त्या बांधकामावर होते. मोठ्या हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात काळी माती लागली, तेव्हा खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं सोडून इंग्रज साहेबानं तसाच पाया भरून घेतला. पुढे त्याच कोपऱ्यातल्या कमानीखालची आधाराची लाकडं काढताना त्याच साहेबानं आजोबांना खाली उभं केलं. "पडली तर आदी तुझ्यावर, म्हनला. आज्या उभा ऱ्हायला, मान वर करून. मरस्तवर त्याची मान तशीच हुती."

मी शिकत असताना दुष्काळ पडला, पायाखालची ती माती सुकून आकसली आणि शेताला पडावी तशी कमानीला भेग पडली. बाहेरून आलेल्या इंजिनियरनं दगडी कामाला काही होत नाही, असं लिहून दिलं. मामांनी मात्र भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरून तिची दोन्ही टोकं चुन्यात बसवली. भेग जरा जरी रुंदावली, तरी ती तडकणार. "भित बोलायच्या आदी काच बोलती," ते म्हणाले. त्यानंतर ताप विचारायला कोणी गेलं नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच हॉलात, आणि माझा नंबर नेमका कमानीखाली. मामांना आत बसायची परवानगी नव्हती; ते दाराबाहेर थांबत. "शेवगाव, तुझा कान जवळ हाय. काच वाजली की हाक मार. पेपर-बिपर बघू नको."

शेवटच्या पेपरला चुन्याची पूड सारखी उत्तरपत्रिकेवर पडत होती. मी ती फुंकत होतो आणि दर वाक्याला वर बघत होतो. शेवटचा प्रश्न अर्धा झाला आणि 'टक्' झालं. बांगडी पिचकावी, तसा आवाज. कोणीच मान वर केली नाही. पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

हाक घशापर्यंत आली. तेवढ्यात दुष्काळी कामावर खडी फोडणारी आई डोळ्यांपुढे आली आणि मी पुन्हा खाली वाकलो. ओळी तिरप्या जात होत्या. एक पान लिहिलं. मग ओरडलो, "मामा!"

मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटचा मुलगा निघेपर्यंत ते स्वतः कमानीखाली उभे होते, मान वर करून. कमान पडली नाही. राहिलेला वेळ मुलांना अंगणातल्या चिंचेखाली देण्यात आला. सगळे लिहीत होते. मला लिहायला काही उरलंच नव्हतं. मामांनी लांबून ते पाहिलं.

पेपर संपल्यावर ते जवळ आले. त्या दिवशी बोलण्याआधी त्यांनी भिंतीला हात लावला नाही. "आदी पेपर पुरा केलास, मग हाक मारलीस. आज्याला साहेबानं उभं केलं हुतं. ह्या पोरांना तू उभं केलंस."

मी रडायला लागलो. त्यांनी तांब्या पुढे केला. "पानी पी. आता पास तरी व्हय." त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही.

पावसानं माती फुगली, भेग मिटत आली. मामांनी तरीही नवी पट्टी बसवली. मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा ते शिडीवरच होते.

मामा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कॉलेजात गेलो. पट्टी अखंड होती, धुळीनं माखलेली. तिच्याखाली मुलं परीक्षेला बसली होती. मी व्हरांड्यातल्या दगडावर हात टेकला आणि शेवटचा मुलगा बाहेर येईपर्यंत आत कान लावून उभा राहिलो.