कांगोचा साक्षीदार

सयाजी हवालदार जन्मात खोटं बोलला नव्हता, आणि तरी पलूसकडच्या त्याच्या गावात खोट्याला त्याच्यामुळंच नाव पडलं होतं. कुणी फुशारकी मारली की ऐकणारा म्हणायचा, "कांगोचं सांगू नगंस गड्या." एकसष्ट साली आपली फौज शांततेच्या कामाला आफ्रिकेत कांगोला गेली, त्यात सयाजी होता. दीड वर्षं एका समुद्राएवढ्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला. आता एवढ्या लांब जाऊन आलेला माणूस गप्प बसतो होय? पेन्शनीत आला, पारावर टेकला आणि सुरू झाला.

जिराफाची मान पुरुषभर लांब, पण मणके मोजाल तर सातच, तुमच्याआमच्याएवढेच. तिकडं हत्तिणीलाही लांब सुळे असतात. ओकापी म्हणून एक जनावर आहे, अंगानं घोड्यासारखं, मागं पट्टेपट्टे, आणि जीभ एवढी लांब की स्वतःचा कान चाटतं. पाणघोडा जन्म पाण्यात काढतो पण धड पोहत नाही, तळाशी पाय टेकून चालतो. आणि उन्हात उभा राहिला की त्याच्या अंगातून लाल घाम येतो. या लाल घामावर अख्खा पार हसून हसून लोळला. गावातला ऊसवाला दादासो तर डोळे पुसत घरी गेला, आणि 'कांगो' हा शब्द त्यानंच गावभर केला.

बायको साळूबाई समजावायची, आवं, कशाला सांगता, लोक दात काढत्यात. सयाजी म्हणायचा, डोळ्यांनी बघितलेलं गिळू कसं? पण मनातून त्याला लागायचं. फार लागायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष उजाडलं आणि या थट्टेला विषाचा दात फुटला. धोंडुबाई म्हणजे सयाजीची शेजारीण, विधवा म्हातारी. तिच्या रानाला लागून दादासोचा ऊस. दादासोनं एका पहाटे बांधाचा दगड उपटून चार पावलं तिच्या रानात रोवला. रानाकडं निघालेल्या सयाजीनं ते बघितलं, आणि बघणारा तो एकटाच.

गावची रीत अशी, की बांधाचा तंटा बिरोबाच्या देवळात जायचा. साक्षीदारानं ताटातला भंडारा उचलून सांगायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. सयाजीनं हात पुढं केला तसा दादासो उठला.

"लाल घामवाल्याच्या हातात देवाचा भंडारा देताय व्हय?" तो म्हणाला. "आज बांध सरकवला म्हणंल, उद्या हत्ती उडाला म्हणंल."

देऊळ हसलं. पंचांत मोठे लालासाहेब पाटील; तेही मिशीत हसले आणि म्हणाले, धोंडुबाई, रविवारपर्यंत दुसरा साक्षीदार आण, नाहीतर दगड आहे तिथं राहील. म्हातारी सयाजीकडं बघत राहिली. त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हसू आपल्यावर होतं तोवर ठीक होतं, आता त्यात एका बाईचं रान चाललं होतं.

तासगावला तेव्हा सर्कस उतरली होती. बाजारादिवशी अर्धा गाव तिकडं लोटला, पाटील गेले, दादासो गेला, साळूबाईनं ढकलल्यामुळं सयाजीही गेला. दुपारचं ऊन रणरणत होतं. तंबूमागं एकच कालवा ऐकू आला म्हणून तो गर्दीत घुसला, आणि बघतो तर कठड्याच्या आत पाणघोडा उभा! हौदाबाहेर, भर उन्हात, आणि पाठीवरून लाल ओघळ चाललेले.

लोक खवळले होते. मुक्या जनावराला मारून मारून रक्त काढलं म्हणून त्यांनी राखणदाराला धरलं होतं. तो बिचारा मल्याळी, काय सांगत होता ते कुणाला कळेना. सगळ्यांत मोठा आवाज दादासोचा. त्यानं बाजारातल्या इमाम मसालेवाल्याला हाक घालून हळद मागवली; जखमेत हळद भरायची हे आपल्याकडं पोरासोरालाही ठाऊक. इमाम चांगली शेरभर हळद घेऊन आला, आणि कठड्यावरून मूठ उधळणार तोच सयाजीनं त्याचं मनगट धरलं.

"इमामभाई, थांबा. जखमच न्हाई, तर हळद कुठं भरणार?"

मग त्यानं डोक्याचा पांढरा पटका सोडला, वेळूच्या टोकाला बांधला आणि राखणदाराला खूण केली. राखणदाराच्या जिवात जीव आला. त्यानं जनावराची पाठ स्वच्छ पुसली. खाली कातडी तुळतुळीत, ओरखडासुद्धा नाही. सयाजीनं सगळ्यांना तिथंच उभं केलं. थोड्या वेळानं पाठीवर थेंब फुटले, पाण्यासारखे नितळ. राखणदारानं पटक्याचं कोरं टोक त्यांवर टेकवलं, आणि सयाजीनं ते पाटलांच्या नाकासमोर धरलं.

"आता बघत ऱ्हावा."

डाग ओला होता, मग गुलाबी झाला, आणि बघता बघता लालभडक. पाठीवरचे थेंबही तसेच रंगले. रक्त कधी पाणी होऊन निघतं आणि मग लाल होतं का, सयाजीनं विचारलं. ऊन लागू नये म्हणून देवानं याला अंगातच मलम दिलंय, आणि हे मी नऊ वर्षं पारावर सांगतोय. सर्कशीच्या मालकानं त्याला मिठी मारली. इमामनं तर हळदीचा टिळा त्याच्याच कपाळाला लावला. गर्दीत दादासो शोधूनही सापडेना.

रविवारी देऊळ भरलं. सयाजी तोच पटका बांधून आला, लाल डाग विटून तपकिरी झालेला, मुद्दाम कपाळावर घेतलेला. छाती अशी, की पलटणीत परेडलाही फुगली नसेल. धोंडुबाई खांबाला धरून उभी. सयाजीनं भंडाऱ्याच्या ताटाकडं हात नेला, तसं लालासाहेबांनी ताटच मागं ओढलं.

"भंडारा कशाला?" पाटील म्हणाले. "तुमी नुसतं सांगा हवालदार. कांगोचं बोलणं हाय, शपथ नगं."

सयाजीनं सांगितलं. दादासोनं मान वर केली नाही, आणि दिवस मावळायच्या आत स्वतःच्या हातांनी दगड उपटून चार पावलं मागं नेऊन रोवला. तेव्हापासून त्या गावात कुणाचा शब्द पक्का असला, की लोक म्हणतात, "बिनघोर ऱ्हा गड्या, कांगोचं हाय."