खेड लोकसभेचं राहिलेलं प्रकरण

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीला मुलाच्या सोसायटीत लिफ्टची वाट बघत होतो. दादा एवढंच म्हणाला, "अरे, ही गेली." मी लिफ्ट सोडून जिना का धरला, कुणास ठाऊक. नगर रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग, रिक्षावाला निवांत, आणि मागे माझी चुळबुळ चाललेली. सदाशिव पेठेत पोचेपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं, वहिनींचं शेवटचं प्रकरण राहिलं. माणूस गेलंय आणि याला पुस्तकाचं सुचतंय, असा स्वतःचाच राग येत होता. महिना उलटला, अजून तेच चालू आहे. जेवता जेवता उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. बायको म्हणते, एका जागी बसा हो जरा.

शैलावहिनी मंचरजवळच्या एका गावातून लग्न होऊन आमच्याकडे आल्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, संसार पेठेत केला, पण मनानं मुक्काम कायम खेड लोकसभा मतदारसंघात. मत पुण्यात द्यायच्या आणि निकालाच्या दिवशी रेडिओला कान लावायच्या तो खेडसाठी. पुढे पुनर्रचना झाली, खेडचं नाव गेलं, शिरूर आलं. आमच्या घरात कुणाला पत्ताही नव्हता. वहिनींनी मात्र ती बातमी वाचली त्या सकाळी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, मी खेडचा इतिहास लिहिणार. मी आपला तिरकस... विचारलं, "मतदारसंघाचं वर्षश्राद्ध घालताय की काय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भावजी, तुमच्या पेठेतल्या पाट्यांवरसुद्धा पुस्तकं निघतात. माझा तर अख्खा मतदारसंघ आहे."

मग एसटीनं फिरणं सुरू झालं. जुन्नर, राजगुरुनगर, कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्या. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्या मतांचं काही विचारायच्या नाहीत. विचारायच्या, उमेदवार तुमच्या गावात कुणाकडे जेवला? कारण त्या म्हणायच्या, प्रचाराला आलेला उमेदवार ज्या घरी जेवेल ते घर त्या गावात पक्षाचं. दुसऱ्या घरी नुसता चहा घेतला की ते घर रुसलं, आणि त्याच्यामागून सगळी आळी. म्हणून शहाणे उमेदवार एकीकडे भाकरी, दुसरीकडे भात, तिसरीकडे ताक, असं करत पोट सांभाळून पुढच्या गावाला जात. मी आधी हसायचो. पण लिहिलेलं वाचायला द्यायला लागल्या तसं माझं हसू थांबलं. कुठली जागा का पडली, हे त्या चुलीपाशी जाऊन शोधत होत्या.

एकच गाव त्या टाळत होत्या, स्वतःचं. शेवटचं प्रकरण त्याचंच होतं. त्यांचे वडील आणि चुलते, सख्खे भाऊ, एकाच पक्षाचे कार्यकर्ते, दारं समोरासमोर. वहिनी शाळकरी असताना गावात उमेदवार यायचा होता. वडिलांनी मासवडीचा बेत केला, पाट मांडले... आणि जीप थांबली ती चुलत्यांच्या दारात. भावाभावांचं घर एकच, असं कुणीतरी त्याला सांगितलं असणार. तो तिथं जेवला आणि निघून गेला. वडिलांनी सगळा स्वयंपाक तसाच गुरांपुढे ठेवला. त्या दिवसापासून त्या दोन घरांत घास दिला नाही की घेतला नाही. दोघे भाऊ गेले, मतदारसंघही गेला, अबोला मात्र पुढच्या पिढीनं नेमानं पाळला.

शेवटच्या भेटीत वहिनी म्हणाल्या, "खेड सरकारनं कागदावरून काढलं, भावजी. आमच्या अंगणातून कोण काढणार?" चुलत्यांचा मुलगा बबन, त्याच्याकडे जाऊन दोन घास खायचे आणि सख्ख्या भावाला, दिलीपला, सोबत न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, चला, या रविवारीच जाऊ. तर म्हणे, आधी जुन्नरचं प्रकरण नीट करते. घाबरत होत्या, दुसरं काय! तालुक्यातालुक्यातल्या चुली धुंडाळणारी बाई एका उंबऱ्याला घाबरत होती, याचा मला अजून संताप येतो. आणि मग रविवारच राहिला नाही.

दहावं झाल्यावर माहेरचा डबा आला. दिलीप घेऊन आला. तो टेकतो न टेकतो तोच दारात बबन, त्याच्याही हातात डबा. ओट्यावर दोन डबे आणि बाहेर दोघे दोन भिंतींना टेकून. दादाला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. हाताशी होता म्हणून त्यानं बबनचा डबा उघडला. दिलीप ताडकन उठला, पायात चपला घालायला लागला.

"दिलप्या, थांब," बबन म्हणाला. "आमच्याकडंबी साहेबांनी घास खाल्ला न्हाई. उपास व्हता त्यांचा. पानी पिले, हात जोडले, गेले. भरल्या ताटावरनं उठले हे गावाला कसं सांगायचं? आमचे आप्पा म्हनले, जेवले म्हनून सांगा."

दिलीप एक चप्पल घालून तसाच उभा.

"अक्का पुस्तक लिहितीया कळलं व्हतं," बबन म्हणाला. "आज ना उद्या येईल, इचारील... वाट बघत व्हतो."

दिलीपनं चप्पल काढली, आत आला, बबनच्या शेजारी बसला. दादानं दोन्ही डब्यांतलं वाढलं. दिलीपनं पहिला घास बबनच्या भाजीचा घेतला, आणि मला इतका आनंद झाला की मी आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं ओरडलो, "वहिनी, बाहेर या, ऐकलंत का? तो जेवलाच नव्हता हो!"

तिघांचेही हात ताटात थांबले.